भेकर, तानुकी आणि आमची तामा

दरवर्षी मंडळाच्या कार्यक्रमाला तोक्योला आलो, की निम्मी मंडळी "मुलगी केवढी मोठी झाली!" म्हणतात आणि उरलेली निम्मी "तुमच्या रानात काय नवीन?" असं विचारतात. २०२५ च्या दिवाळीत मात्र सगळ्यांचा प्रश्न एकच होता, "अस्वल येतं का हो तुमच्याकडे?" त्या वर्षी जपानभर अस्वलांच्या हल्ल्यांत दहाहून अधिक माणसं दगावली, तेव्हा प्रश्न रास्तच होता. पण मंडळी, आम्ही राहतो चिबा-केनमध्ये, आणि संपूर्ण होन्शू बेटावर अस्वल नसलेलं हे एकमेव केन आहे! अस्वल सोडून बाकी सगळे येतात. त्यांचीच ही हकीकत. आणि तामाची.

२०२१ साली आम्ही इसुमीला राहायला आलो. ह्यांचं ऑफिस घरूनच चालू होतं आणि तोक्योतल्या दोन खोल्यांत तीन माणसं आणि एक बोका आता मावेनात, म्हणून. ओहारा स्टेशनपासून गाडीने वीसेक मिनिटांवर, भातखाचरांच्या कडेला एक जुनं घर मिळालं. मागे बांबूचं बन, पुढे काकीची दोन झाडं आणि घराच्या लांबीभर एनगावा, म्हणजे आपली पडवीच. माझं माहेर सिंधुदुर्गात, बांद्याजवळ. त्या पडवीत पहिल्या दिवशी पाय सोडून बसले आणि मनात म्हटलं, आपण घरी आलो.

तामा घराबरोबरच मिळाली. मागच्या पडवीतल्या लाकडांच्या ढिगावर एक तिरंगी मांजर बसलेली, डाव्या कानाचं टोक फुलाच्या पाकळीसारखं कातरलेलं. भटक्या मांजरीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालं, की ओळखीसाठी इथे कान असा कापतात. साकुराच्या पाकळीसारखा दिसतो म्हणून अशा मांजरांना 'साकुरा नेको' म्हणतात. आठवडाभर ती लांबून बघत राहिली. आठव्या दिवशी माझ्या मुलीच्या पायांशी येऊन बसली आणि पंधराव्या दिवशी तिच्या पांघरुणात. आमचा तोक्योहून आणलेला बोक्या जन्मापासून घरात वाढलेला, लठ्ठ आणि महाभित्रा. तो काचेच्या आतून बागेकडे बघायचा, तामा बाहेरून त्याच्याकडे. तिला दार म्हणजे सरकवायची वस्तू, दिवसातून चाळीस वेळा. आम्हीही ते सरकवत होतो.

तिच्यासाठी पडवीत खाण्याची एक बशी ठेवायचो. सकाळी बशी इतकी चकचकीत असायची, की घासायची गरज नसे. वाटायचं, काय भूक आहे हो पोरीला! पहिल्या हिवाळ्यात ह्यांनी हौसेने खांबाला अंधारात चित्र घेणारा कॅमेरा लावला आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आम्ही तिघं तो सिनेमा बघत बसलो. रात्री साडेनऊला तामा दोन घास खाऊन बाजूला बसली. पावणेअकराला दोन तानुकी आले, नवरा-बायको असावेत, आणि बशीत तोंड घालून निवांत जेवले. तामा हातभर अंतरावर पाय दुमडून बसलेली, पंगतीत वाढणाऱ्या यजमानीणबाईंसारखी. बाराच्या सुमाराला नाकावर पांढरा पट्टा असलेलं, लांब शेपटीचं एक जनावर खांबावरून उतरलं. हा हाकुबिशिन. आमच्याकडच्या उदमांजराचा चुलतभाऊ. पिकलेली फळं आणि माणसांचे पोटमाळे या दोन गोष्टींवर त्याचा फार जीव. आणि पहाटे दोनला शेपटीवर पट्टे असलेला एक धटिंगण आला, बशी दोन्ही हातांनी उचलून बघितली, उलटी करून ठेवली. त्याला बघून तामा छपरावर पळाली. हा आराईगुमा, म्हणजे रॅकून.

यातला तानुकी तेवढा खरा इथला. हॉटेलांच्या दाराशी टोपी घालून, पोट पुढे काढून उभा असलेला त्याचा मातीचा पुतळा तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. चिबातल्याच किसाराझू गावात शोजोजी नावाचं देऊळ आहे. तिथे चांदण्यात तानुकी पोटावर ढोल वाजवत नाचले अशी दंतकथा आहे, त्यावरचं बालगीत माझी मुलगी होइकुएनमधून शिकून आली होती. रूप बदलून माणसांना फसवतो अशीही त्याची ख्याती. प्रत्यक्षात तो कुत्र्याच्या कुळातला, आखूड पायांचा, बराचसा बावळट दिसणारा आणि अतिशय शिस्तीचा प्राणी आहे. सगळं कुटुंब एकाच ठरलेल्या जागी शौचाला जातं. ती जागा आमच्या मिरच्यांच्या वाफ्याला लागून निघाली, हा आमच्या नशिबाचा भाग.

रॅकूनची गोष्ट निराळी. १९७७ साली टीव्हीवर रास्कल नावाच्या रॅकूनच्या पिल्लाचं कार्टून लागलं आणि जपानभरच्या पोरांनी आईबापांकडे रॅकून मागितला. अमेरिकेतून पिल्लं आली. पिल्लू गोड, पण मोठा झाला की चावरा आणि पिंजऱ्याची कडी उघडण्यात पटाईत. मग कोणी कंटाळून रानात सोडले, काही आपणहून पळाले. २००५ साली परदेशी प्राण्यांविषयीचा कायदा अमलात आला, त्यात तो पाळायला, आणायला, सोडायला बंदी झाली. तोवर त्यांची नातवंडं-पतवंडं सगळीकडे पसरली होती.

आता ज्याच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला, तो प्राणी. आम्ही राहायला आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या रात्री बांबूच्या बनातून एक आवाज आला. खरखरीत, तुटक, कोणीतरी घसा बसलेल्या कुत्र्याचा गळा आवळावा तसा. ह्यांनी उठून सगळ्या कड्या लावल्या. मी मात्र अंथरुणात उठून बसले, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. हे आमच्या आंबोलीच्या घाटात ओरडतं ते भेकर! पण जपानमध्ये भेकर कुठून येणार? सकाळी शेजारच्या आजींना विचारलं, तर त्या तोंड वाकडं करून म्हणाल्या, "क्योन."

क्योन म्हणजे भेकराचीच एक लहान जात, मूळची दक्षिण चीन आणि तैवानची. आमच्यापासून फार दूर नाही अशा कात्सुउरा गावी समुद्रकाठी नामेगावा आयलंड नावाची सहलीची बाग होती. १९६४ साली सुरू झाली, २००१ साली बंद पडली. तिथे पाळलेले काही क्योन कुंपणातून निसटले. मादी वर्षाची होण्याआधीच गाभण राहू शकते आणि विणीचा ठरावीक हंगाम नाही. आज चिबात ऐंशी हजारांहून अधिक क्योन असावेत असा केनचा अंदाज आहे. बाग गेली, पण सोतोबो लाइनवरच्या स्टेशनचं नाव अजून नामेगावा आयलंडच आहे. आजींनी लावलेल्या हायड्रेंजियाचे कोंब, सोयाबीनची रोपं, सगळं हे हातभर उंचीचं जनावर सफाचट करतं.

मला मात्र तो आवाज ऐकून बरं वाटायचं. हे आजींना सांगायची हिंमत मला झाली नाही. परक्या मुलुखात आणून सोडलेली आणि मग नको झालेली जनावरं, यावर मी एकदा ह्यांच्याशी रात्री उशिरापर्यंत वाद घातला. ह्यांनी शांतपणे आठवण करून दिली, की उद्या क्योनने आपली मेथी खाल्ली की तुझं मत बदलेल. बदललं. दोन दिवसांनी.

आजींचं या सगळ्यांकडे बघणं अगदी सरळ. त्यांच्या शेताला विजेची तार, कडेला रानडुकरांसाठी लोखंडी पिंजरा. एप्रिलमध्ये बांबूचे कोंब उद्या काढू म्हणून ठेवले, तर रानडुक्कर ते बरोबर आज रात्री उकरून खातं. जमिनीतून वर न आलेला कोंबही त्याला वासाने कळतो. आजींची चौऱ्याऐंशी वर्षं यांच्याशी झटापट करण्यात गेलेली. पण त्या कधी चिडून बोलताना ऐकलं नाही. आमच्या कॅमेऱ्याच्या गमती मी मोबाइलवर दाखवल्या, तेव्हा त्या हसल्या, मुळ्याची जुडी माझ्या हातात दिली आणि जाता जाता म्हणाल्या, "ओकुसान, बशी उचल." मी ते मनावर घेतलं नाही. एवढंसं खाणं, त्यात काय!

दुसऱ्या हिवाळ्यात त्या जोडीतला एकच तानुकी यायला लागला. अंगावरचे केस गेलेले, कातडी राखाडी, भेगाळलेली, हत्तीच्या पायासारखी. खरुज. तिचे किडे कातडीत घर करतात, आणि जिथे बरेच प्राणी एका जागी जेवायला येतात तिथे रोग झपाट्याने पसरतो. जेवणाची ती जागा आम्हीच तयार केली होती. तो थंडीत कुडकुडत भर दुपारी पडवीत येऊन उभा राहायचा. मुलगी रडायची, त्याला स्वेटर द्या म्हणायची. जानेवारीच्या शेवटी तो यायचा थांबला. मग मी बशी उचलली. वर्षभर उशिरा.

बशी उचलली, पण दार सरकवणं चालूच राहिलं. तामा बाहेर जायची, गवतातून, बनातून, रानडुकरांच्या वाटांवरून फिरून यायची आणि रात्री मुलीच्या पांघरुणात शिरायची. कधी सरडा आणून द्यायची, कधी चिचुंद्रीसारखं काही, आणि एकदा हिरवागार मेजिरो पक्षी. तो अजून गरम होता. मुलीने त्याला काकीच्या झाडाखाली पुरलं आणि दिवसभर तामाशी बोलली नाही.

माहेरी माकडताप २०१६ मध्ये दोडामार्गात आला आणि पुढच्या वर्षी बांद्यापर्यंत पोहोचला. कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली प्रथम सापडलेला हा रोग. रानात माकडं मरून पडतात आणि गोचिडीतून ताप माणसात येतो. काजूच्या ऐन हंगामात लोक बागेत जायला घाबरत होते. ओळखीच्या घरांतली माणसं गेली. आई तेव्हा फोनवर रोज सांगायची, बागेतून आल्यावर कपडे बाहेरच काढायचे, अंग नीट बघायचं. मी तोक्योतल्या चौथ्या मजल्यावरून "हो, हो, काळजी घे" म्हणायचे. गोचीड हा शब्द मी जपानला आल्यापासून उच्चारलाही नव्हता.

इथेही तसाच एक आजार आहे. नाव एसएफटीएस. जपानमध्ये २०१३ साली पहिल्यांदा ओळखला गेला. विषाणू गोचिडीतून येतो, ताप येतो, रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात. लागण झालेल्यांपैकी दहा ते तीस टक्के माणसं दगावतात, आणि मांजरांत तर निम्म्याहून जास्त. आजारी मांजराकडून माणसाला तो होऊ शकतो, हे गेल्या काही वर्षांत कळलेलं. पश्चिम जपानातला हा आजार हळूहळू पूर्वेकडेही सापडू लागला आहे. हे सगळं गल्लीत फिरणाऱ्या सूचनांच्या फळीवर, काइरानबानवर, मी वाचलं होतं. वाचून, शिक्का मारून, फळी आजींकडे पोचवली होती.

२०२५ च्या जूनमध्ये टीव्हीवर बातमी आली, की मिए-केनमध्ये आजारी मांजरावर उपचार करणारे एक प्राण्यांचे डॉक्टर याच आजाराने वारले. त्यानंतर काही दिवसांनीच, पावसाळा ऐन भरात असताना, तामाने खाणं सोडलं. अंग तापलेलं. कानामागे बोट फिरवलं तर तांदळाएवढं काहीतरी हाताला लागलं. मग दुसरं. एकूण पाच गोचिडी.

दवाखान्यात फोन केला, तर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत येऊच दिलं नाही. गाडीतच थांबायला सांगितलं आणि स्वतः दोन-दोन हातमोजे, चष्मा, गाऊन घालून बाहेर आल्या. त्यांनी भर पावसात, छत्रीखाली तामाचं रक्त घेतलं. मग विचारलं, "हिच्याबरोबर घरात कोण झोपतं?" मागच्या सीटवर मुलगी बसली होती. तिने हात वर केला, शाळेत करतात तसा.

तपासणीचा निकाल यायला चार दिवस लागणार होते. तामाला न्हाणीघरात ठेवलं. हातमोजे आणि मास्क घालून मीच आत जायची, तिच्या तोंडात सिरिंजने पाणी सोडायची, मग सगळं ब्लीचने पुसायची. लागण झालीच असेल, तर माणसात ताप सहा ते चौदा दिवसांनी दिसतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. २०२४ पासून यावर एक औषध मान्य झालं आहे, हेही सांगितलं. ते मी रात्री स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मुलीचा ताप सकाळ-संध्याकाळ बघून कॅलेंडरवर लिहायची. ३६.४. ३६.६. ३६.५. ती न्हाणीघराच्या दाराबाहेर बसून तामाला शाळेतल्या गोष्टी सांगायची. मला म्हणाली, "आई, तामाला घरात ठेवलं असतं तर?" मी भाजी चिरत होते. मी भाजीच चिरत राहिले.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. लपवायचं ठरवलं होतं, पण आवाजावरून तिने ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गोचीड खयचीय असांदे, गोचीडच ती. तू जपान जपान करून इसारलंस काय गो?"

चौथ्या दिवशी निकाल आला. एसएफटीएस नाही. त्याच दुपारी तामाच्या शेपटीच्या मुळाशी केसांखाली दडलेलं गळू फुटलं. कोणीतरी कडकडून चावलं होतं, त्याचा तो ताप. आराईगुमाने की दुसऱ्या बोक्याने, ते तिलाच ठाऊक. ॲन्टिबायोटिकने आठवड्यात ती उभी राहिली. मुलीच्या तापाचं कॅलेंडर मी तरीही चौदा दिवस पुरं केलं.

आणि दार बंद झालं. इथलं पर्यावरण खातं मांजर घरातच पाळा असं कधीपासून सांगत आलं आहे. त्यात मांजराचा जीव वाचतो आणि बाहेरच्यांचाही. अमामी ओशिमा बेटावर सापांच्या बंदोबस्तासाठी १९७९ मध्ये मुंगूस सोडले, त्यांनी साप सोडून तिथले दुर्मीळ ससे खाल्ले आणि ते मुंगूस संपवायला २०२४ साल उजाडावं लागलं. पण ससे खाणाऱ्यांत सुटी मांजरंही होती. ते मुंगूस आपलेच बरं का, १९१० साली ओकिनावात पहिल्यांदा आणले ते गंगेच्या मुखाकडून! मेजिरोची आठवण झाली की मला हे पटतं. तामाला कोण पटवणार? पहिला महिना ती रात्र-रात्र दाराशी ओरडली. पडद्यांच्या चिंध्या केल्या. माझ्याकडे पाठ करून बसायची. भटकून वाढलेल्या जिवाला कोंडलं, याचं मला वाईट वाटायचं आणि अजून वाटतं. दोनदा मध्यरात्री उठून मी कडीला हात लावला होता. एकदा ह्यांनी पाहिलं. काही बोलले नाहीत, चहा टाकला.

आजींनी ऐकलं तेव्हा त्या आपल्या पडवीतली जुनी लाकडी फळी घेऊन आल्या आणि ह्यांच्याकडून ती काचेच्या दाराच्या आत, खिडकीच्या उंचीवर ठोकून घेतली. "इथून बन दिसतं," म्हणाल्या. पहिला आठवडा त्या फळीवर बोक्याच बसला. आता दोघं बसतात, मध्ये वीतभर जागा सोडून.

बाहेर येणारे येतातच. बशी नाही, तरी काकी पिकल्यावर हाकुबिशिन येतो. गेल्या हिवाळ्यात नवीन तानुकी दिसला, केस दाट, पोट गोल. तो काचेपाशी आला, तामा फळीवरून खाली उतरली, आणि दोघं काचेच्या दोन बाजूंनी नाक लावून बराच वेळ उभे राहिले. मग तो मिरच्यांच्या वाफ्याकडे गेला. ठरलेल्या जागी.

परवा रात्री आईशी बोलत होते. फोन स्पीकरवर, मी पोळ्या लाटत होते. बनातून क्योन ओरडला. तामाचे दोन्ही कान, आख्खा आणि कातरलेला, तिकडे वळले. फोनवर आई बोलता बोलता थांबली.

"भेकर आराडता मां गो तां?"

"होय," म्हटलं.

"मांजर खय आसा?"

"घरात."

"बरां," म्हणाली आणि पुढे शेजारच्या लग्नाचं सांगू लागली.